मंगरूळपीरच्या बालवाडीत आशिया खंड

बालवाडीतल्या मुलांना एखाद्या खंडातले देश शिकवायचे म्हणजे त्यांच्याकडून नावे घोकून घ्यायची, असा समज सगळीकडे पक्का आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला नावे पाठ होतातही, आणि मोठ्यांपेक्षा लवकर होतात. शाळेच्या गॅदरिंगमध्ये सात खंड, वीस देश आणि त्यांच्या राजधान्या एका दमात म्हणणाऱ्या मुलाला टाळ्या पडतात, आईवडील मोबाइलवर चित्रण करून घेतात. मात्र त्याच मुलाला मंगरूळपीर महाराष्ट्रात आहे की भारतात, असे विचारले तर तो दोनपैकी एकच निवडतो. दोन्ही खरे असू शकते, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

ही त्या मुलाची किंवा त्याच्या शाळेची उणीव नव्हे. जीन पियाजे आणि त्यांच्या सहकारी ॲन-मारी वेल यांनी जिनिव्हातल्या मुलांशी बोलून १९५१ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. सहा-सात वर्षांपर्यंतची पुष्कळ मुले आपण जिनिव्हाचे आहोत असे सांगत, पण मग स्विस आहोत का, या प्रश्नावर अडत. एकाच वेळी दोन्ही कसे असणार, हा त्यांचा प्रश्न होता. मोठ्या वर्तुळात लहान वर्तुळ सामावलेले असते, हे कागदावर काढून दाखवले तरी त्यातून देशाची कल्पना आपोआप उमजत नव्हती. मंगरूळपीर वाशिम जिल्ह्यात, वाशिम जिल्हा महाराष्ट्रात, महाराष्ट्र भारतात आणि भारत आशियात, ही पाच पायऱ्यांची साखळी पाच वर्षांच्या मुलाला एका दमात पेलत नाही, ती याच कारणाने.

पृथ्वीच्या आकाराचेही तसेच. स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रुअर यांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना चित्रे काढायला लावून १९९२ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. पृथ्वी गोल आहे, असे मुले बिनचूक सांगत होती. पण त्यांच्या मनात काहींची पृथ्वी ताटासारखी चपटी होती, काहींच्या मते माणसे पोकळ गोळ्याच्या आत राहत होती, आणि काहींनी दोन पृथ्व्या मानल्या होत्या: एक आपल्या पायाखालची आणि दुसरी आकाशातली, जिला मोठी माणसे गोल म्हणतात. पुढे हैदराबादच्या मुलांवरही असाच अभ्यास झाला, त्यात पृथ्वी पाण्यावर तरंगते असे मानणारी मुले बरीच निघाली. मुलाने ‘गोल’ म्हटले म्हणून त्याला गोल पृथ्वी कळली असे धरू नये, एवढा धडा बालवाडीच्या बाईंनी यातून घ्यायला हरकत नाही.

मग हा विषय बालवाडीत घ्यावाच कशाला? तिसरी-चौथीत भूगोल येणारच आहे. याचे उत्तर हेन्री ताजफेल आणि गुस्ताव याहोदा यांच्या १९६६ च्या लेखात सापडते. सहा-सात वर्षांच्या मुलांना परदेशांबद्दल विचारले, तेव्हा कोणता देश मोठा, कोणता छोटा याविषयी त्यांच्यात फारसे एकमत नव्हते; कोणता देश चांगला आणि कोणता वाईट, याविषयी मात्र त्याहून अधिक होते. म्हणजे माहिती येण्याआधी आवडनिवड येते. ती कुठून तरी येतेच: टीव्हीवरून, क्रिकेटच्या सामन्यातून, घरातल्या बोलण्यातून. बालवाडी गप्प राहिली तर ती जागा रिकामी राहत नाही. तेव्हा देश शिकवण्याचा या वयातला खरा हेतू ओळख करून देणे हा आहे. पाठांतर त्यात आले तर आले.

लहान मुलांना जग कसे दाखवावे, याचे दोन रस्ते आहेत. पहिला मारिया मॉन्टेसरींचा. त्यात आधी अख्खी पृथ्वी हातात देतात: खरखरीत कागद लावलेली जमीन आणि गुळगुळीत पाणी असलेला गोल, ज्यावर मूल बोटे फिरवून जमीन-पाणी ओळखते. मग रंगीत गोल येतो. त्यात आशिया पिवळा, युरोप लाल, आफ्रिका हिरवी, उत्तर अमेरिका नारिंगी, दक्षिण अमेरिका गुलाबी, ऑस्ट्रेलिया तपकिरी आणि अंटार्क्टिका पांढरी. त्यानंतर लाकडी नकाशे. त्यातला एकेक खंड आणि पुढे एकेक देश छोट्या मुठीला धरून उचलता येतो आणि परत त्याच्या खाचेत बसवता येतो. मॉन्टेसरी १९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळच्या अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे इथेच अडकल्या. त्या काळात त्यांनी शेकडो भारतीय शिक्षकांना प्रशिक्षण दिले, त्यामुळे ही साधने आपल्याकडच्या बालशाळांत रुळली.

दुसरा रस्ता जवळून लांब जाण्याचा. अमेरिकेत लूसी स्प्रेग मिचेल यांनी १९३४ च्या ‘यंग जिऑग्राफर्स’ या पुस्तकात मुलाने आधी स्वतःची गल्ली, दुकान, नदी पाहावी असे सांगितले. महाराष्ट्रात याच्याशी जुळणारे काम उभे राहिले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या हातून. गिजुभाई बधेका आणि ताराबाईंनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. १९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मॉन्टेसरींची लाकडी साधने महाग होती आणि आदिवासी पाड्यावर ती परवडण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या हीच साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. ताराबाई मॉन्टेसरी पद्धतीच्याच कार्यकर्त्या होत्या, पण साधन परगावाहून यावे लागते असे त्यांनी मानले नाही. वाशिमसारख्या जिल्ह्यात आजही उपयोगी पडेल अशी त्यांची शिकवण कोणती, तर ती ही.

मंगरूळपीर हे वाशिम जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ पासून केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. इथल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या वाटा लवकर फुटतात. एक अंगणवाडीत जाते. तिथे सेविका आणि मदतनीस, पोषण आहाराची खिचडी, गाणी, चित्रांचे तक्ते. दुसरे ‘कॉन्व्हेंट’मध्ये. विदर्भात इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही बालशाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, मग तिचा चर्चशी काडीचा संबंध नसो. अंगणवाडीत पृथ्वीचा गोल सहसा नसतो. कॉन्व्हेंटमध्ये तो असतो, पण पुष्कळदा कार्यालयातल्या कपाटावर. सरकारी अभ्यासक्रमाची चाल तर याहून उलटी: तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकाला अनेक वर्षे जिल्हावार आवृत्त्या आहेत, म्हणजे वाशिम जिल्हा मुलाला रीतसर भेटतो तो आठव्या-नवव्या वर्षी. केजी टूमध्ये सात खंड म्हणणारे मूल तीन वर्षांनी आपल्या जिल्ह्याच्या नद्या शिकू लागते. २०२२ च्या राष्ट्रीय पायाभूत स्तर आराखड्याने तीन ते सहा वयासाठी पाठ्यपुस्तक नकोच, खेळ, गोष्टी, गाणी आणि वस्तू यांतूनच शिकणे व्हावे, असे म्हटले आहे. देशांचा विषय त्या चौकटीत बसतो. मात्र तक्त्यावरून नावे वदवून घेणे बसत नाही.

या दोन रस्त्यांत भांडण लावण्याचे कारण नाही. गोल हातात द्यावा आणि गल्लीही दाखवावी. नकाशाची तयारी मात्र गल्लीतूनच होते. पहिले काम वर्गखोलीचे. मुलांनी जमिनीवर ठोकळे मांडून दार कुठे, फळा कुठे, पाण्याचा माठ कुठे हे दाखवायचे. वरून पाहिल्यावर माठ वाटोळा दिसतो, हे चार वर्षांच्या मुलाला नवे असते. नकाशा म्हणजे वरून पाहणे, ही त्यातली मुख्य गोष्ट त्याला इथेच कळते. मग शाळेपासून एसटी स्टँडपर्यंतचा रस्ता: वाळूत बोटाने ओढलेला, काडेपेट्यांची दुकाने मांडलेला. स्टँडवरच्या गाड्यांच्या पाट्या वाचून दाखवता येतात: वाशिम, कारंजा, मानोरा, अकोला. एकेका पाटीची दिशा वेगळी. सूर्य उगवतो ती बाजू, मावळतो ती बाजू, इतके सांगितले की पुरे. ईशान्य-आग्नेय या वयात नको.

एकात एक सामावण्याची गोष्ट समजावायला स्वयंपाकघरातले डबे कामाला येतात. एकात एक बसणारे सहा डबे घ्यावेत. सगळ्यांत छोट्यात मुलाचे चित्र, त्यावरच्यावर घर, मग मंगरूळपीर, मग महाराष्ट्र, मग भारत, आणि सर्वांत मोठ्या डब्यावर पिवळा कागद चिकटवून आशिया. जिल्हा मुद्दाम गाळलेला बरा. जिल्हा ही कारभाराची सोय आहे, तिचे मुलाला काही दिसत नाही. मूल डबे काढते, पसरते, परत बसवते. भारताचा डबा उघडला तरी आशियाचा डबा बाहेर राहतो, मंगरूळपीरचा डबा काढला की त्याच्याबरोबर घर आणि आपणही बाहेर येतो. पियाजेंच्या जिनिव्हातल्या मुलांना जे चित्रावरून उमजले नाही ते डब्यांवरून लगेच उमजेल, अशी खात्री कुणी देऊ नये. पण शब्दांपेक्षा हाताला आधी कळते, हा बालवाडीचा रोजचा अनुभव आहे.

पृथ्वी गोल आणि नकाशा सपाट, हे कोडे सोडवायला या तालुक्यात साधन शोधावे लागत नाही. मंगरूळपीर भागात संत्र्याच्या बागा आहेत, आंबिया बहाराचे संत्रे दिवाळीच्या आगेमागे बाजारात येते. एका मोठ्या संत्र्यावर स्केचपेनने खंडांचे ठिपके काढावेत, आशियाचा ठिपका सर्वांत मोठा, आणि साल अखंड राहील अशा बेताने सोलावे. साल टेबलावर दाबून पसरली की ती कडांना फाटते, मधे फटी पडतात. भिंतीवरचा नकाशा काढणाऱ्यांना याच फटी भरून घ्याव्या लागतात, म्हणून काही देश असतात त्याहून मोठे दिसतात. हे शेवटचे वाक्य बाईंसाठी. मुलांना फाटलेली साल बघू द्यावी आणि फोडी वाटून टाकाव्यात.

बाईंसाठीच आणखी एक गोष्ट. ज्या जिल्ह्यात मुलांना गोल दाखवायचा, तो जिल्हा एके काळी भारतीय ज्योतिषांच्या नकाशावर मोक्याच्या जागी होता. इंग्लंडातले ग्रिनिच शून्य रेखांश ठरण्याच्या हजार-बाराशे वर्षे आधी आपले ज्योतिषी लंकेपासून उज्जयिनीवरून मेरूकडे जाणारी रेषा मध्यरेषा मानत. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीय’ या ग्रंथात त्या रेषेवरची गावे दिली आहेत, त्यांत वत्सगुल्म आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. वाशिममधल्या मध्यमेश्वराच्या मंदिराचा संबंध याच रेषेशी जोडतात. आजच्या मोजणीत उज्जैन ७५.८ अंश पूर्वेला आणि वाशिम ७७.१ अंशाला येते, म्हणजे रेषा अंशाहून जास्त सरकलेली. त्या काळच्या साधनांनी रेखांश मोजणे किती अवघड होते हे पाहता ही चूक क्षम्य मानावी.

खंड कोणता घ्यावा? आशियाच, कारण आपण त्यात राहतो. आशिया सर्व खंडांत मोठा: जगातल्या जमिनीचा जवळजवळ तिसरा हिस्सा आणि दर पाच माणसांपैकी तिघे. देश पन्नासाच्या आतबाहेर. नेमका आकडा रशिया, तुर्की, सायप्रस यांना कुठे धरायचे त्यावर ठरतो. बालवाडीच्या अख्ख्या वर्षात त्यांतले पाच किंवा सहा देश पुरेसे आहेत. सगळे घेतले तर एकही लक्षात राहत नाही.

शाळेच्या पटांगणात फक्कीने आशियाची बाह्यरेषा आखावी, कबड्डीचे मैदान आखतात तशी, निदान वीस पावले लांब. हुबेहूब नसली तरी चालते. खाली भारताचे निमुळते टोक, पश्चिमेला अरबस्तानाचा चौकोनी तुकडा, पूर्वेला जपानची बेटे दिसली पाहिजेत. समुद्राच्या जागी निळ्या साड्या अंथराव्यात. मुले चपला काढून या नकाशावर चालतात. भारतातून नेपाळात एक पाऊल, चीनमध्ये उडी, जपानला जायचे तर साडीवरून ‘बोटीने’. शरीराने अंतर मोजले की कोणता देश शेजारी आणि कोणता लांब, हे सांगावे लागत नाही. अशा वेळी प्रश्नही खरे येतात. ‘बाई, नेपाळले यष्टी जाते काय?’ याला हसून चालत नाही. इथून आगगाडीने उत्तर प्रदेश किंवा बिहारच्या सीमेपर्यंत जाता येते, तिथून पुढे नेपाळच्या बसने, असे सांगितले की नेपाळ ही जाता येण्याजोगी जागा होते.

मग कोणते देश? यादी जगाच्या नकाशावरून न काढता गावातून काढावी. मंगरूळपीरच्या दारात आशिया आलेलाच आहे.

शेतापासून सुरुवात केली तर पहिला देश चीन. तालुक्यातल्या बहुतेक घरांत सोयाबीन असते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोंगणी होते, थ्रेशर चालतो, अंगणात कुटाराचा ढीग पडतो. हे पीक मूळचे चीनचे. तिथल्या शेतकऱ्यांनी ते हजारो वर्षांपूर्वी लावायला सुरुवात केली. विदर्भात त्याने मोठा पसारा मांडला तो गेल्या चार-पाच दशकांत, कपाशी आणि ज्वारीची जागा घेत. इकडे सोयाबीन विकले जाते, त्याचे तेल आणि ढेप होते. चीन-जपानमध्ये लोक त्याचे दूध काढतात, त्या दुधाचे पनीरसारखे तोफू करतात आणि रोज खातात. वर्गात मूठभर दाणे रात्री भिजत घालून दुसऱ्या दिवशी पाट्यावर वाटले आणि फडक्यातून गाळले, तर पांढरे दूध मुलांच्या डोळ्यांसमोर निघते. ते उकळून मगच चाखावे. कच्चे सोयाबीन पोटाला बाधते. चव बहुतेकांना आवडत नाही. त्यावरही बोलता येते: आपल्याला न आवडणारे दुसऱ्याच्या घरी रोज आवडीने खातात.

दुसरा देश आकाशातून येतो. पावसाळा सरता सरता विदर्भाच्या शिवारात भोरड्यांचे थवे उतरतात. काळे डोके, गुलाबी अंग, साळुंकीएवढा पक्षी. पुस्तकात त्याला पळसमैना म्हणतात. ज्वारीवर धाड घालणारा म्हणून शेतकरी त्याला ओळखून आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाला पळस आणि काटेसावरीच्या फुलांवर तो दिसतो आणि मग एकाएकी नाहीसा होतो. जातो कुठे? कझाकस्तान आणि त्याच्या आसपासच्या मध्य आशियातल्या गवताळ मुलखात. तिथे तो दगडांच्या कपारीत घरटे करतो, पिल्लांना नाकतोडे भरवतो, आणि पिल्ले उडू लागली की परत आपल्याकडे. पाच वर्षांच्या मुलाला ‘कझाकस्तान’ हे नाव कठीण जाईल, पण भोरडीचे माहेर ते कायमचे लक्षात ठेवते. फक्कीच्या नकाशावर एका मुलाने भोरडी होऊन हात पसरून वर धावायचे, पावसाळा सरताना खाली आणि एप्रिलात परत वर. ऋतू आणि देश एकाच खेळात येतात.

घराघरांतल्या भिंती आणखी दोन-तीन देश देतात. जिल्ह्यात बौद्ध वस्ती मोठी आहे, पुष्कळ घरांत बुद्धाची तसबीर असते. बुद्धाचा जन्म लुंबिनीला, जे आज नेपाळात आहे. जपानची ओळखही यातूनच होते: नागपूरजवळच्या कामठीला १९९९ मध्ये उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार जपानच्या नोरिको ओगावा यांच्या देणगीतून बांधले गेले, आणि सहलीला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गेलेल्या कुटुंबातल्या मुलांनी ते पाहिलेले असते. तशीच गावाची दर्ग्याची बाजू. मंगरूळपीरच्या नावातला पीर कुणाला विसरता येत नाही. दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यावर सर्व जातिधर्मांचे लोक जातात. मुस्लिम घरांतले कुणी आजी-आजोबा हजला जाऊन आलेले असतात. रमजानच्या महिन्यात बाजारात खजुराच्या गाड्या लागतात. सौदी अरेबिया हा देश शिकवायला एवढे भांडवल पुष्कळ आहे: खजुराची बी, वाळू, पाऊस कमी म्हणजे काय. हाजी आजोबांना वर्गात बोलावून विमानातून काय दिसले ते विचारावे. मुलांना बाईंच्या बोलण्यापेक्षा एका मुलाच्या आजोबांचे बोलणे जास्त खरे वाटते, आणि त्यात काही गैर नाही.

वेळेचा खेळ या वयातही जमतो, मात्र घड्याळाच्या हिशेबाने नव्हे. मंगरूळपीरला सकाळचे साडेदहा वाजतात तेव्हा टोकियोत दुपारचे दोन असतात आणि दुबईत नऊ. म्हणजे आपण प्रार्थना म्हणतो तेव्हा जपानच्या मुलांचे जेवण होऊन गेलेले असते, आणि दुबईला कामावर गेलेला कुणाचा मामा नुकताच कामाला लागलेला असतो. आखाती देशांत किंवा आणखी कुठे नातेवाईक असतील तर व्हिडिओ कॉल लावून तिथे ऊन आहे की अंधार, एवढेच विचारायचे. सूर्य एकाच वेळी सगळीकडे सारखा नसतो, हे त्यातून पोचते. गोल आणि बॅटरी घेऊन रात्र-दिवस दाखवण्याचा प्रयोग यानंतर करावा, आधी नव्हे.

आकारमानासाठी दोन टोकांचे दोन देश निवडता येतात. मालदीवमध्ये ११९२ बेटे आहेत आणि माणसे त्यांतल्या सुमारे दोनशे बेटांवरच राहतात. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तर ती वाशिम जिल्ह्याच्या साधारण सतराव्या हिश्शाएवढी भरते. मंगोलिया महाराष्ट्राच्या पाचपट, पण तिथे राहणारी माणसे पस्तीस लाखांच्या घरात, म्हणजे तीन वाशिम जिल्ह्यांएवढी. हे आकडे अर्थातच मोठ्यांसाठी. मुलांसाठी एका परातीत पाणी घालून खडे मांडावेत, ती मालदीव. आणि मोकळ्या पटांगणात दोनच मुले लांब लांब उभी करावीत, ते मंगोलिया. हाक मारली तर ऐकू येते का, बघावे. तिथली गुराखी कुटुंबे उचलून नेता येणाऱ्या गोल तंबूत का राहतात, हे मग समजावणे सोपे जाते. मेंढपाळांचे वाडे पावसाळा संपल्यावर आपल्याकडेही फिरतात, त्यांची आठवण करून द्यावी.

काही गोष्टी टाळाव्या लागतात, आणि इथे बहुतेक बालशाळा घसरतात. फॅन्सी ड्रेस ही त्यातली पहिली. जपानी मुलगी म्हणजे किमोनो आणि पंखा, अरब म्हणजे पांढरा झगा आणि उंट, हे वर्षातून एकदा स्टेजवर येते आणि तेवढेच मुलाच्या मनात राहते. जपानी मुलेही रोज पँट-शर्ट घालून शाळेत जातात. महाराष्ट्राचा देखावा म्हणून कुणी फक्त नऊवारी आणि फेटा दाखवला तर मंगरूळपीरच्या मुलाला ते आपले वाटेल का, हा प्रश्न बाईंनी स्वतःला विचारावा. सण आणि पोशाख दाखवायचे असतील तर त्याच्या जोडीला त्या देशातल्या मुलाची सकाळ, दप्तर, डबा, भांडणही दाखवावे. झेंड्यांचे तसेच. रंग ओळखायला ते बरे आहेत, पण पाच वर्षांच्या मुलाला झेंडा हा देशाचा पत्ता वाटत नाही, रंगीत कापड वाटते.

दुसरी जागा अधिक नाजूक. फक्कीच्या नकाशावर पाकिस्तान येतोच, आणि कुणी ना कुणी मूल त्यावर पाय आपटते. ते मूल वाईट नाही. ताजफेल आणि याहोदांनी जे टिपले तेच ते करत असते. त्याला दटावून उपयोग नाही आणि भाषण देऊनही नाही. तिथल्या मुलांनाही आंबा आवडतो, तीही क्रिकेट खेळतात, त्यांच्या शेतातही कापूस पिकतो, इतके सांगून पुढच्या देशाकडे वळावे. सैन्यात असलेल्या वडिलांचे मूल वर्गात असेल तर त्याचे वडील सीमेवर आपले रक्षण करतात, हेही तितक्याच सहज सांगावे. दोन्ही वाक्ये एका वर्गात नांदू शकतात.

नकाशाबाबत एक कायद्याची बाब आहे. भारताच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळणाऱ्या असल्या पाहिजेत. १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाने चुकीचा नकाशा प्रसिद्ध करणे गुन्हा ठरवले आहे. परदेशी बनावटीचे स्वस्त गोल आणि इंटरनेटवरून छापून घेतलेले तक्ते इथे हमखास चुकतात, विशेषतः जम्मू-काश्मीर आणि लडाखच्या रेषेत. भिंतीवर लावण्याचा नकाशा सर्वेक्षण विभागाचा किंवा शासनमान्य प्रकाशकाचाच घ्यावा. पटांगणातल्या फक्कीला मात्र भीती नको. ते मुलांच्या खेळाचे मैदान आहे.

भाषेचाही विचार हवा. एकाच वर्गात घरी वऱ्हाडी, बंजारा मुलांच्या घरी गोरबोली आणि काही घरांत उर्दू असते. कॉन्व्हेंटमध्ये वर इंग्रजी. देशांची नावे कुठल्याही एका भाषेत पक्की करण्याचा हट्ट या वयात नको. जपान म्हटले काय आणि जापान म्हटले काय, नकाशावर मूल त्या जागी जाऊन उभे राहिले की पुरे. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे तीर्थ, आणि तांड्यावरच्या मुलांनी आपल्या माणसांना पूर्वीपासून लांबलांबच्या वाटा ठाऊक होत्या, हे घरी ऐकलेले असते. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलखामुलखातून फिरणाऱ्या लमाण तांड्यांची गोष्ट व्यापार या कल्पनेची पहिली ओळख म्हणून चांगली चालते, आणि त्या मुलाला वर्गात मान मिळतो तो वेगळाच.

वर्षाच्या अखेरीला काय आले, हे पाहायचे तर देशांची नावे विचारून कळत नाही. मुलाच्या हातात भोरडीचे चित्र, सोयाबीनचा दाणा, खजुराची बी आणि बुद्धाची तसबीर द्यावी, आणि फक्कीच्या नकाशावर ज्याच्या त्याच्या जागी नेऊन ठेवायला सांगावे. दाणा भारतातही ठेवला आणि चीनमध्येही, तर उत्तर बरोबर आहे. डबे एकात एक बसवायला द्यावेत आणि आशियाचा डबा बाहेरचा का, हे त्याच्या शब्दांत ऐकावे. ज्याला सांगता येत नाही त्याला पहिलीत पुन्हा संधी आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात भूगोलाचे गुण लिहायची गरज नाही. गावातल्या वस्तूंवरून जमवलेले पाच-सहा देश, डब्यांची उतरंड आणि वरून पाहण्याची सवय, एवढे झाले की तिसरीच्या पुस्तकातला वाशिम जिल्ह्याचा नकाशा उघडताना मुलाला तो कागद कशाचा आहे हे ठाऊक असते.